मुदत कोणासाठी?

‘झाले ते झाले, आता उकरून काय मिळणार?’ हा प्रश्न आपल्या घरांतून इतक्या सहजपणे विचारला जातो, की तो शहाणपणाचा वाटू लागतो. कायद्याच्या पुस्तकातही तो अधिक सभ्य भाषेत लिहिलेला आहे. तेथे त्याचे नाव ‘मुदतीची मर्यादा’. या मर्यादेविषयी आम्हांस आज स्पष्ट बोलावयाचे आहे.

प्रथम कायदा पाहू. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६८ आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४ यांचा आशय एकच आहे. ज्या गुन्ह्यास केवळ दंड आहे त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांनंतर घ्यावयाची नाही. एक वर्षापर्यंत कैद असेल तर एका वर्षानंतर आणि तीन वर्षांपर्यंत कैद असेल तर तीन वर्षांनंतर घ्यावयाची नाही. त्याहून मोठ्या गुन्ह्यांना, म्हणजे खून, बलात्कार, दरोडा यांना मुदत नाही. वरवर पाहता ही व्यवस्था न्याय्य वाटते. पण गुन्ह्याचे गांभीर्य येथे मोजले कशाने? शिक्षेच्या वर्षांनी, जखमेच्या खोलीने नव्हे.

आपल्या वर्धा जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटच्या नंदोरी चौकात कामावर निघालेल्या एका तरुण अध्यापिकेला पेट्रोल टाकून पेटविण्यात आले आणि सात दिवसांनी तिची प्राणज्योत मालवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने आरोपीस जन्मठेप सुनावली. खुनाला मुदत नसल्यामुळे हा न्याय कितीही वर्षांनी मागता आला असता. परंतु अशा आगी बहुधा एका दिवसात लागत नाहीत. त्याआधी पाठलाग असतो, वाट अडविणे असते, धमकी असते. पाठलागाच्या पहिल्या गुन्ह्यास कमाल शिक्षा तीन वर्षे, म्हणून मुदतही तीनच वर्षांची. अब्रूच्या भीतीने मुलगी तीन वर्षे गप्प राहिली, की त्या पाठलागापुरते दार बंद!

बालकांच्या बाबतीत तर हे गणित निष्ठुरच ठरते. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्यात बालकाच्या लैंगिक छळाला, म्हणजे अश्लील चित्रे दाखविणे, लैंगिक हेतूने सतत मागे लागणे अशा कृत्यांना, तीन वर्षांपर्यंतच कैद आहे. नऊ वर्षांच्या बालकाला असा अनुभव आला तर संहितेच्या शब्दांप्रमाणे त्याची मुदत बाराव्या वर्षी सरते. आपल्याला काय झाले ते सांगण्यास शब्द सापडण्यापूर्वीच कायद्याचे कान मिटतात. गुन्हा कळविण्यास पॉक्सोच्या कलम १९ मध्ये मुदत दिसत नाही, असे केंद्र सरकारने २०१८ मध्ये सांगितले हे खरे. पण कळविणे वेगळे आणि न्यायालयाने दखल घेणे वेगळे. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयास आहे, हेही खरे. मात्र ‘इतकी वर्षे का बोलली नाहीस?’ याचा जबाब पुन्हा त्या पीडितेच्या बाजूनेच द्यावयाचा!

आता मौन पाळणाऱ्यांकडे पाहा. बालकावरील लैंगिक गुन्हा ठाऊक असून न कळविणाऱ्यास पॉक्सोमध्ये सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद आहे. म्हणजे हा गुन्हा पोलिसांना कळल्यापासून मुदत अवघी एक वर्ष! शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आले. ते न कळविल्याचा आरोप असलेल्या एका डॉक्टरविरुद्धचा गुन्हा नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला आणि माहिती असूनही न कळविणे हा गंभीर गुन्हा आहे, त्यामुळे अपराध्यांना आसरा मिळतो, असे बजावले. न्यायालय ज्याला गंभीर म्हणते, त्याला संहिता वर्षभराची मुदत देते.

यावर आक्षेप येतो, की काळ लोटला म्हणजे साक्षीदार विसरतात, पुरावे नाहीसे होतात आणि निरपराध माणूस संकटात सापडतो. आक्षेप खरा आहे. तो हसण्यावारी नेऊ नये. पण खुनाच्या खटल्यातही साक्षीदार विसरतात, तरी तेथे आपण दार लावून घेत नाही. जुना पुरावा कमजोर असेल तर न्यायाधीश त्याचे वजन करतील आणि संशयाचा फायदा आरोपीस देतील. तराजूत घालून हलके ठरविणे हा न्याय होय. तराजूच काढून घेणे हा न्याय नव्हे.

आपल्या ख्रिस्तसभेलाही हा धडा उशिराच गिरवावा लागला. धर्मगुरूंनी बालकांवर केलेल्या अत्याचारांसाठी २००१ मध्ये ठरलेली मुदत पीडिताच्या अठराव्या वाढदिवसापासून दहा वर्षांची होती. २०१० मध्ये ती वीस वर्षांची झाली आणि आवश्यक तेथे तीही बाजूला ठेवण्याचा अधिकार रोमने राखला. या वाढीमागे जगभरच्या पीडितांचे अश्रू आहेत. तरीही त्यातील तत्त्व ग्राह्य आहे: बालकाचे घड्याळ ते सज्ञान झाल्यावरच सुरू व्हावे.

उलट, शासनाच्या हातावर घड्याळ बांधण्याचा प्रसंग आला तेव्हा काय झाले? हिंगणघाटच्या आक्रोशानंतर तपास व खटला दिवसांच्या हिशेबात संपविण्याचे वचन देणारे शक्ती विधेयक विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये संमत केले. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अंमलात आलेच नाही. पॉक्सो खटला एका वर्षात संपवावा, हे कलमही ‘शक्यतो’ या शब्दाला टेकून उभे आहे. पीडितेची मुदत सक्तीची, शासनाची मात्र शक्यतो!

म्हणून आमची मागणी सरळ आहे. बालकांवरील कोणत्याही लैंगिक गुन्ह्यास मुदत नसावी. आणि असा गुन्हा दडविणाऱ्यास मूळ अपराध्यापेक्षा लवकर सुटका नसावी. लूकच्या शुभवर्तमानातील ती विधवा बेपर्वा न्यायाधीशाच्या दारी पुन:पुन्हा जात राहिली. तुझी वेळ संपली, असे तिला प्रभूच्या दाखल्यात कोणी म्हणत नाही. कायदा बदलणे संसदेच्या हाती आहे. पण आपल्या घरातील लेक, भाची किंवा पुतण्या वीस वर्षांनी बोलू लागला तर ‘आता कशाला?’ असे न विचारणे, हे मात्र या अंकाच्या प्रत्येक वाचकाच्या हाती आजच आहे.