औषधाच्या डब्यातला तळीराम

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारी १९१९ मध्ये आपल्या बडोद्यातच केला, याचा आम्हां बडोदेकरांना मोठा अभिमान आहे. सिंधूचे हाल पाहून प्रेक्षक डोळे पुसतो, तळीरामाला हसतो, आणि घरी जाताना एक गोष्ट विसरतो. सुधाकराच्या हाती पहिला प्याला येतो तो चैनीखातर नव्हे. सनदेच्या अपमानाने डोके फुटायची वेळ आलेली असते, आणि तळीराम त्यावर उतारा म्हणून तो पुढे करतो.

हे आठवण्यास कारण माझा एक सोळा वर्षांचा शिष्य. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याला खोकला झाला. मीच म्हटले, “अरे, घरात कफ सिरप असेल, घे थोडे.” घरात होते ते वडिलांच्या आजारपणातले उरलेले, त्यात कोडीन होते, आणि कोडीन हे अफूच्याच घराण्यातले. एरवी घाबरणारा हा मुलगा त्या दिवशी निर्धास्त गायला. मी पाठ थोपटून म्हणालो, “आज ठहराव आला रे तुझ्या गाण्यात!”

त्याने ते वाक्य जपून ठेवले. बाटली संपल्यावर आजीच्या झोपेच्या गोळ्यांकडे हात गेला. पुढे त्याची लय सुटू लागली, समेवर येताना तो अडखळू लागला. मला वाटले, वय आहे, लक्ष नसेल. शेवटी त्याची आई आली. “गुरुजी, सासूबाईंच्या गोळ्या मोजल्या तर कमी भरतात. मला वाटत होतं, त्याच विसरून दोनदा घेतात.”

आपल्याकडे दारूबंदी आहे म्हणून आईबाप निश्चिंत असतात. दारू मिळवणारे ती मिळवतात, हे कोणाला ठाऊक नाही? पण हे दुसरे दार तर उघडेच आहे. कोडीन, अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल ही औषधे २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. ती विकताना डॉक्टरचे आणि रोग्याचे नाव औषधवाल्याने वहीत लिहावे लागते. चांगला नियम आहे. परंतु ती वही दुकानात राहते, आणि औषध आपल्या घरी फ्रिजवरच्या डब्यात येऊन बसते. शिवाय दुखले-खुपले की शेजारणीला आपली गोळी देणारे आपण! डॉक्टरने दिलेली वस्तू, म्हणजे निरुपद्रवी, असेच मुलगा समजतो. कोडीन आणि झोपेच्या गोळ्या श्वास मंदावतात, आणि त्यांत दारू पडली तर तो थांबूही शकतो, हे त्याला कोण सांगतो?

आम्हां गाणाऱ्यांचा अपराध तर निराळाच. वडील तरुणपणी येथल्या दरबारच्या कलावंत कारखान्यात तबला वाजवीत. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. त्यांच्या जोडीचे एक सारंगिये अफूची गोळी घेतल्याशिवाय गज उचलीत नसत. त्या गोळीनंतरच्या सुरांची वर्णने मी लहानपणी शंभरदा ऐकली. पुढे गोळी घेऊनही गज उचलेनासा झाला, सारंगी सावकाराकडे गेली, हे मात्र वडिलांनी मला मी पंचविशीत असताना सांगितले, तेही एकदाच. आजही मैफल संपली की चहाच्या कपावर हेच चालते: अमके बुवा थोडी घेतली की काय गात! कोपऱ्यात तानपुरा गवसणीत घालणारी मुले कान देऊन ऐकत असतात. माझ्या घरी तरी हे बोलणे मी आता बंद केले आहे. काही स्नेही रागावले, रागावोत.

गोळ्या मोजून कुलपात ठेवाव्या, उरलेले औषध साठवू नये, यात काही फार कठीण नाही. कठीण आहे ते मूल सापडल्यावरचे वागणे. या घरात पहिल्या दिवशी थप्पड बसली आणि गोळ्या एकदम बंद झाल्या. नेमाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या एकाएकी तोडल्या तर झटके येऊ शकतात. त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवाव्या लागतात. सुदैवाने आई दुसऱ्याच दिवशी त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ज्यांना कोठे जावे ते कळत नाही, त्यांच्यासाठी सरकारचा १४४४६ हा मोफत दूरध्वनी आहे.

तो पुन्हा शिकायला येतो. आवाज अजून कापतो, भीती तर पहिल्याहून अधिक. मागल्या रविवारी त्याने विचारले, “गुरुजी, स्पर्धेतला तो ठहराव खोटा होता का?” खोटा होता, म्हटले, आणि तो मला ओळखता आला नाही. मग त्याने तानपुरा जुळवायला घेतला. बराच वेळ लागला त्याला.