चिपवरचा आकडा आणि कानातली घरघर

संगणकाला वेगळा डॅक जोडणं ही नव्या जमान्याची अंधश्रद्धा आहे, असा निकाल एका जाणकार गृहस्थांनी नुकताच देऊन टाकला. डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांपासून हेडफोनला किंवा ॲम्प्लिफायरला चालेल असा विजेचा संकेत बनवणारा भाग. तो प्रत्येक संगणकात असतोच, मग यूएसबीला लावायची आणखी एक डबी कशाला, असा त्यांचा सवाल. त्यांची मांडणी थोडक्यात अशी : फाइलमध्ये शून्य आणि एक आहेत, ते कुठल्याही यंत्रातून गेले तरी बदलत नाहीत. मदरबोर्डवरची चिप आता इतकी चांगली झाली आहे की माणसाच्या कानाला तिच्यात खोट सापडणार नाही. डोळे बांधून परीक्षा घेतली की डॅकवाल्यांच्या सगळ्या गप्पा उघड्या पडतात. तेव्हा डॅक विकत घेणारा एकतर भाबडा, नाहीतर पैशाने माजलेला.

यातली निम्मी वाक्यं खरी आहेत, आणि म्हणूनच मला या मांडणीचा जास्त राग येतो. धडधडीत खोटं बोलणाऱ्याला उत्तर देणं सोपं असतं. खरी वाक्यं ओळीने मांडून शेवटी भलताच निष्कर्ष काढणाऱ्याशी मात्र वाक्यावाक्याला थांबून बोलावं लागतं.

शून्य आणि एक बदलत नाहीत, हे कबूल. त्यांचं रूपांतर करण्याची विद्या फार पूर्वी सुटलेली आहे, हेही कबूल. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा सोनीच्या पहिल्या प्लेअरमध्ये १६ बिटांचा डॅक होता आणि फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमध्ये १४ बिटांचा. फिलिप्सने चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून, म्हणजे नमुन्यांचा दर चौपट करून गोंगाट कानाच्या टप्प्याबाहेर ढकलला आणि १४ बिटांकडून १६ बिटांच्या तोडीचं काम करून घेतलं. त्या वेळीही १४ की १६ यावर लोक हमरीतुमरीवर आले होते. आकडा मोठा म्हणजे आवाज चांगला, असं मानणारे तेव्हाही होतेच. चाळीस वर्षांनंतर आपले गृहस्थ तोच आकडा हातात घेऊन उभे आहेत, फक्त या वेळी तो विकत न घेण्याच्या बाजूने.

त्यांचा सगळा भार ज्या आकड्यावर आहे, तो असा. बऱ्याच मदरबोर्डांवर रिअलटेकची एएलसी १२२० ही चिप असते. तिच्या माहितीपत्रकात संकेत आणि गोंगाट यांचं गुणोत्तर १२० डेसिबल दिलं आहे. सीडीच्या १६ बिटांचा आवाका साधारण ९६ डेसिबल. म्हणजे चिप सीडीच्या कितीतरी पुढे, आणि त्यांच्या मते विषय संपला.

माझ्या मते विषय इथे सुरू होतो. १२० डेसिबल हा आकडा चिपचा आहे, तुम्ही हेडफोन खुपसता त्या जॅकचा नाही. १२० डेसिबल म्हणजे दहा लाखांस एक. एक व्होल्टचा संकेत असेल तर गोंगाट एका मायक्रोव्होल्टच्या आसपास हवा. आता ही चिप बसते कुठे ते पाहा. शेजारी प्रोसेसरला वीज पुरवणारे रेग्युलेटर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असतात. ग्राफिक्स कार्ड कामाला लागलं की क्षणात प्रवाह ओढतं आणि क्षणात सोडतं. हे सगळे प्रवाह परततात ते बोर्डावरच्या तांब्याच्या त्याच थरातून, ज्याला आपली चिप शून्य व्होल्ट समजते. त्या तांब्याचा रोध अगदी एक मिलीओहम धरला आणि त्यातून एक अँपिअर प्रवाह गेला, तरी तिथे एक मिलीव्होल्ट पडतो. एक मिलीव्होल्ट म्हणजे हजार मायक्रोव्होल्ट. तो सगळा संकेतात शिरला तर १२० डेसिबलचे ६० होतात. चिप आहे तशीच आहे, माहितीपत्रकही खोटं नाही, आणि तरी कानात खरखर येते.

तितका सगळा गोंगाट संकेतात शिरू नये म्हणून बोर्ड बनवणारे धडपडतात, हे मान्य. चांगल्या बोर्डावर ध्वनीचा भाग एका कोपऱ्यात वेगळा काढलेला असतो, त्याच्याभोवती तांब्यात रेघ कापलेली असते, चिपवर धातूचं झाकण असतं, आणि या सगळ्याची जाहिरात खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली असते. पण अडचणच नसेल तर कारखानदार हा खर्च कशाला करतील? बोर्ड बनवणाऱ्यांना जे ठाऊक आहे ते बोर्डाचं कौतुक करणाऱ्यांना ठाऊक नाही. आणि एवढं करून हेडफोन आपण लावतो कुठे, तर कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये, कारण मागे वाकायचा कंटाळा. त्या पुढच्या जॅकपर्यंत एक लांब तार जाते, बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखालून. कोपऱ्यात जपलेला संकेत शेवटच्या दीड-दोन फुटांत पुन्हा त्याच गदारोळातून जातो. माउस हलवला की बारीक चिरचिर, पान वरखाली सरकवलं की किणकिण, गेम सुरू केला की कुईकुई, हे अनुभव कोणाच्या कल्पनेतले नाहीत. यूएसबीच्या व्यवहाराचा ठेका साध्या वेगात सेकंदाला १००० वेळा आणि जास्त वेगात ८००० वेळा पडतो. म्हणून ही कुईकुई अनेकदा नेमकी १ किंवा ८ किलोहर्ट्झवर ऐकू येते. वय झालं की १५ किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, तेव्हा तुमच्यासारख्यांनी डॅकचा नाद सोडावा, असाही एक टोला त्यांनी मारला आहे. १ किलोहर्ट्झ साठीतल्या माणसालाही ऐकू येतो.

हे सगळं मी पोटतिडकीने सांगतो, कारण आमचं संगीत शांततेतून सुरू होतं. विलंबित ख्यालाच्या चांगल्या ध्वनिमुद्रणात आधी फक्त तानपुरे असतात. जवारी नीट लागलेली असली तर खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार उमटतो, अगदी हलका, आणि तो ऐकू येणं म्हणजेच बैठकीत जाऊन बसणं. याच गृहस्थांशी माझा पूर्वी एक वाद झाला होता. ध्वनिमुद्रणात तानपुरा मागे ठेवावा, तो केवळ आधाराला असतो, असं त्यांचं मत. तानपुऱ्याची किंमत ज्यांना कळली नाही त्यांना त्याच्या मागच्या घरघरीची किंमत कळणार नाही, यात नवल नाही. जुन्या ७८ च्या तबकड्यांपुरतं डॅकबद्दलचं त्यांचं म्हणणं मी मान्य करतो. तिथे सुईची खरखरच इतकी असते की पाचशेचा डॅक काय आणि पन्नास हजारांचा काय. पण पुढच्या काळातल्या, नीट मुद्रित केलेल्या रेकॉर्डिंगांना हा न्याय लावता येत नाही.

संगणक ॲम्प्लिफायरला जोडला की आणखी एक पाहुणा येतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या अंगाला हात लागला की झिणझिण्या येतात, हे घराघरांत ठाऊक आहे. चार्जरमधल्या कपॅसिटरमधून गळणारा तो बारीक प्रवाह अर्थिंग धड नसलं की वाट शोधतो, आणि ऑडिओच्या तारेचं जाळीदार वेष्टन त्याला आयतं सापडतं. किंवा संगणक आणि ॲम्प्लिफायर दोन वेगळ्या सॉकेटांतून अर्थ होतात आणि दोन्हींच्या मध्ये प्रवाह फिरत राहतो. मग स्पीकरमधून घरघर सुरू होते, ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची. गायकाचा षड्ज काळी एकला असेल तर तो साधारण १३८ हर्ट्झवर असतो. घरघरीतला १५० हर्ट्झ त्याच्या शेजारी कोमल ऋषभाच्या जरा वर बसतो, आणि १०० हर्ट्झ मंद्रात तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधल्या जागेत. म्हणजे दोन सुरेल तानपुऱ्यांच्या मागे कोणीतरी तिसरा, बेसूर तानपुरा छेडत बसल्यासारखं होतं, आणि राग संपेपर्यंत तो थांबत नाही. ही घरघर माहितीपत्रकात कुठेच दिसत नाही, कारण माहितीपत्रकाला तुमच्या घराचं अर्थिंग माहीत नसतं.

आता डोळे बांधून घेतलेल्या परीक्षांबद्दल. त्या मला मान्य आहेत. दोन्ही यंत्रांचा आवाज मीटर लावून सारखा केला नाही तर जास्त मोठा वाजणारा डॅक चांगला वाटतो, आणि दुकानदार नेमका त्याचाच फायदा घेतात. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उच्च प्रतीच्या ध्वनीच्या वाटेत सीडीच्या दर्जाचं रूपांतर घुसवलं, तरी ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे नाणं उडवल्याइतकीच. गृहस्थ याच जातीच्या परीक्षांकडे बोट दाखवतात. पण त्या परीक्षेत दोन्ही वाटा स्वच्छ होत्या. दोन स्वच्छ वाटांमध्ये फरक कळत नाही, यावरून गढूळ वाटही चालेल असं कसं ठरतं?

वेगळा डॅक घेणाऱ्यांत भाबडे आहेत, हेही खरं. यूएसबीच्या तारेवर हजारो रुपये घालवणारे, दोन लाखांची पेटी आणून आवाजावरचा पडदा सरला असं सांगणारे लोक मला भेटले आहेत, आणि त्यांच्याशीही मी भांडलो आहे. जिटरची, म्हणजे घड्याळाच्या ठोक्यांतल्या सूक्ष्म चुकीची, त्यांनी जी भीती घातली आहे ती आज निराधार आहे. चांगल्या यूएसबी डॅकमध्ये घड्याळ डॅकचं असतं आणि संगणक त्याच्या तालावर आकडे पाठवतो. पण त्यांच्या भाबडेपणाची शिक्षा बाकीच्यांना कशासाठी?

खर्चाचा मुद्दा तर टिकतच नाही. ॲपलचा यूएसबी-सी ते हेडफोन जॅक हा बोटभर जोड साधारण हजार रुपयांना मिळतो. त्यात डॅक आणि छोटा ॲम्प्लिफायर दोन्ही आहेत, आणि मोजमापांत तो बहुतेक लॅपटॉपांच्या जॅकपेक्षा सरस ठरलेला आहे. एवढ्या पैशात माजता येत नाही.

मग माझं म्हणणं काय? वेगळा डॅक चांगल्या चिपसाठी घ्यायचा नाही, जागेसाठी घ्यायचा. आकडे गोंगाटातून सुखरूप जातात, विजेचा नाजूक संकेत जात नाही. म्हणून रूपांतर संगणकाच्या पोटात न करता बाहेर करावं, इतकंच. घेण्याआधी घरीच तपासावं. नेहमी ऐकता त्या पातळीला आवाज ठेवा, गाणं थांबवा, मग माउस हलवा, पान सरकवा, काहीतरी जड काम सुरू करा. काहीच ऐकू आलं नाही तर डॅक घेऊ नका. तुमचे हेडफोन ब्लूटूथचे असतील तर मुळीच घेऊ नका, त्यांचा डॅक त्यांच्या पोटातच असतो. कमी रोधाचे, नाजूक इअरफोन वापरत असाल तर डॅकच्या हेडफोन जॅकचा रोध एक-दोन ओहमच्या आत आहे का ते विचारा. तो जास्त असला की काही इअरफोनांचा खर्ज-तार तोल बिघडतो. २५०-३०० ओहमचे मोठे हेडफोन असतील तर डॅकपेक्षा ॲम्प्लिफायरची ताकद पाहा. विंडोजमध्ये नमुन्यांचा दर फाइलप्रमाणे ठेवा.

ॲम्प्लिफायरला जोडायचं असेल तर एक गोष्ट डॅक विकणारे सहसा सांगत नाहीत. यूएसबीच्या तारेत आकड्यांबरोबर पाच व्होल्ट आणि जमिनीची तारही येते, त्यामुळे घरघर नुसता डॅक लावून जाईलच असं नाही. तिथे प्रकाशाच्या तारेने, म्हणजे ऑप्टिकलने जोडणी करावी. तिच्यात तांबं नाही, त्यामुळे गळका प्रवाह ओलांडूच शकत नाही. संगणकाला ऑप्टिकल नसेल तर बॅलन्स्ड आउटपुटचा डॅक घ्यावा आणि बॅलन्स्ड इनपुटच्या स्पीकरना जोडावा. तेही जमत नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलावून सॉकेटचं अर्थिंग खरं आहे का ते तपासून घ्यावं. तीन भोकं असली म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही.

गृहस्थांना माझी एकच विनंती आहे. माहितीपत्रक बाजूला ठेवून त्यांनी आपल्याच संगणकाच्या पुढच्या जॅकला हेडफोन लावावेत, एखाद्या विलंबित ख्यालाची पहिली दोन मिनिटं ऐकावीत आणि तेवढ्यात माउस हलवून पाहावा. ही परीक्षा न देताच दुसऱ्यांना अंधश्रद्ध म्हणण्याचा अधिकार मी त्यांना देत नाही.