कवळी ही चैन नव्हे

दर नोव्हेंबरात निवृत्त मंडळी हयातीच्या दाखल्यासाठी युनियन कचेरीत येतात. मोबाईलवर दाखला निघतो खरा, पण सगळ्यांना ते जमत नाही. गेल्या खेपेस थळ घाटात चावीवाला म्हणून राबलेले एक मामा आले. एके काळी द्वारसभेत घोषणा द्यायच्या त्या मामांनीच. आता ते तोंडावर गमछा धरून बोलत होते. वरचे सगळे दात गेलेले, खाली चार उरलेले. चहाबरोबरचे शेंगदाणे त्यांनी बाजूला सारले. घरी भाकरी आमटीत कुस्करून खातात. नातवाच्या लग्नात पंगतीला बसलेच नाहीत. "जिंदाबाद म्हणायला गेलो तर नुसता वारा निघतो," म्हणाले, आणि हसताना पुन्हा तोंड झाकले.

वय झाले, असे म्हणून आपण हे सोडून देतो. मला ते मान्य नाही. दात नुसत्या वयाने पडत नाहीत. कीड आणि हिरड्यांचा रोग त्यांना पाडतो. रात्रपाळीत जाग राहावी म्हणून दाढेखाली तंबाखू धरणारे आपणच. मीही वीस वर्षे मळली. घरात बायामाणसांची मिश्री वेगळीच. त्यात मधुमेह असला की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते. जपानने १९८९ मध्ये "ऐंशीव्या वर्षी वीस दात" अशी मोहीम काढली. २०१६ च्या पाहणीत तिथल्या ऐंशी वर्षांच्या निम्म्या लोकांचे वीस दात शाबूत निघाले.

दात उपटणे आपल्याकडे होऊन जाते, घोडे अडते ते कवळीपाशी. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरी गाठलेल्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळाले. पण ती योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. कवळीचे माप खुर्चीत बसूनच घेतात. कंत्राटी सफाई कामगाराचे हाल तर विचारूच नका. भविष्यनिर्वाह निधीची किमान पेन्शन २०१४ मध्ये १००० रुपये ठरली, तीतून तो खाणार काय आणि कवळी बसवणार कशी? शिवाय एकदा बसवून भागत नाही. दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, कवळी सैल होते, घासून जखमा होतात, आणि मग ती डबीत पडून राहते.

आमच्या शाखेच्या मागणीपत्रकात महागाई भत्ता आला, बोनस आला, दात कधी आले नाहीत. मसुदा लिहिणाऱ्यांत मीही होतो. यंदा ठराव घातला आहे : निवृत्तीआधी दातांची आणि तोंडाची पूर्ण तपासणी, कवळी व तिची दुरुस्ती मोफत, आणि कंत्राटी कामगारही त्यात धरलेले. तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला, तर मात्र ठरावाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

येत्या नोव्हेंबरात दाखल्याच्या टेबलाशेजारी दंतवैद्यही बसणार आहेत. मामांना निरोप धाडला आहे.