सोंगाला ढोंग म्हणू नका

देवगाव फाट्यावरच्या एका कार्यक्रमात विधिमंडळातल्या गोंधळावर बोलताना एका वक्त्यांनी ‘सोंगाडेपणा’ हा शब्द शिवीसारखा वापरला, वर त्याचा अर्थही फोडून दाखवला. सोंग म्हणजे खोटेपणा, सोंगाड्या म्हणजे खोटारडा, तमाशा हा शब्दच परका. सबब ही परंपरा उसनी आणि हलकी. टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांचाच जास्त राग आला.

‘तमाशा’ अरबी-फारसीतून आला, खरे आहे. ‘वकील’ आणि ‘कागद’ही तिकडूनच आले, म्हणून वकिली कोणी हलकी ठरवत नाही. तमाशातल्या द्व्यर्थी बोलण्यामुळे तो हलका म्हणाल, तर ते विहिणींच्या गाण्यांतही असते.

खरा घोटाळा ‘सोंग’ शब्दाचा केला आहे. हिंदीतले ‘स्वांग’ आणि आपले ‘सोंग’ एकाच घरचे. अर्थ, अंगावर घेतलेले रूप. यात फसवणूक कुठे आली? ढोंगी आपले रूप लपवतो, सोंगाड्या ते सगळ्यांदेखत घेतो. तमाशातले सोंगाडे, कवलापूरचे काळू-बाळू यांनी ‘जहरी प्याला’ या वगात हवालदार रंगवले. ते खरे हवालदार आहेत असे समोरच्या कोणालाच वाटले नाही, पण हवालदार म्हणजे काय हे मात्र तिथे कळले. आणि एकनाथांचे पैठण तर आपल्याच गोदाकाठी आहे! सोळाव्या शतकात त्यांनी भारुडांत वासुदेव, जोशी, गारुडी यांच्या तोंडून अध्यात्म सांगितले. वेश घेऊन होणाऱ्या भारुडाला आजही ‘सोंगी भारूड’ म्हणतात. वक्त्यांच्या न्यायाने तोही खोटारडेपणाच. नाथांबद्दल हे म्हणायची त्यांची तयारी आहे का? सप्ताहात भारूड ठेवले की पावित्र्य जाते, असे सांगणारे पूर्वीही होते. बायाबापड्यांनी त्यांचे ऐकले नाही. भारुडाला त्या रात्र रात्र बसल्या.

सोंगाड्याचे काम वेगळेच आहे. तमाशाच्या वगात राजाचा हुकूम सुटतो आणि सगळे माना डोलावतात, तेव्हा हा एकटा ‘का?’ म्हणतो. संवाद लिहून दिलेले नसत. प्रश्न जागच्या जागी सुचावा लागे. देवीच्या गोंधळातही मुख्य गोंधळ्याला अडवून शंका विचारणारा साथीदार असतो. राजारामभाऊ कदमांसारखा गोंधळी देणाऱ्या आपल्या परभणीला हे नव्याने सांगावे लागू नये.

सभागृहात कोणी नुसता आरडाओरडा करून कामकाज बंद पाडत असेल, तर त्याला हुल्लडबाज म्हणा, ढोंगी म्हणा. सोंगाड्या म्हणायचे असेल, तर त्याने आधी सत्तेला अडचणीचा एक तरी प्रश्न विचारलेला असावा.