विमानतळाचे दार कोणाचे?

विमानप्रवास हा आपल्या साप्ताहिकाचा विषय नव्हे, असे काही मित्र म्हणतील. आपली चळवळ एस.टी. आणि दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून फिरली, हे खरे आहे. पण आज घरी मयत झाली, तर पुण्यात राबणारा पाटण्याचा मजूरही उसने पैसे काढून विमानाचे तिकीट घेतो. तेव्हा विमानतळाच्या दारात काय चालते, याचा विचार आपल्यालाही करावा लागेल.

तपासणी हवी, याबद्दल दुमत नाही. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान कंदाहारला पळवून नेण्यात आले आणि प्रवाशांच्या सुटकेसाठी तीन दहशतवादी सोडावे लागले. त्यानंतर, २००० सालापासून, विमानतळांचे संरक्षण क्रमाक्रमाने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आले. पट्टा काढा, हात पसरा, या त्रासाविषयी माझी तक्रार नाही. तो जवान शासनाचा सेवक आहे. त्याच्या वर्तनाचा जाब संसदेत विचारता येतो. शिवाय त्या रांगेत (अतिविशिष्ट मंडळी वगळता) शेठजींचे आणि मजुराचे खिसे सारखेच रिकामे होतात.

चिंता वाटते ती त्याआधीच्या दाराची. १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूर व वाराणसी येथे 'डिजियात्रा' सुरू झाली. आधारची नोंद, छायाचित्र आणि तिकीट स्मार्टफोनमध्ये भरावयाचे. मग चेहरा दाखविला की दार उघडते. ही व्यवस्था चालविणारी संस्था ना-नफा तत्त्वावरील असली, तरी ती शासकीय खाते नव्हे. स्थापनेच्या वेळी तिच्यात विमानतळ प्राधिकरणाचा भाग होता २६ टक्के. उरलेला ७४ टक्के पाच विमानतळ कंपन्यांचा. म्हणजे नागरिकाचा चेहरा पाहून दार उघडण्याचे काम ज्यांच्या हाती, त्यांना जाब विचारायचा कोणी आणि कोठे?

माहिती प्रवाशाच्या फोनातच राहते, असे सांगितले जाते. नुकताच मी फोन बदलला. जुना उत्तम चालत होता, परंतु कंपनीने त्याची सुधारित आवृत्ती देणे थांबविले आणि बँकेचे ॲप उघडेनासे झाले. नव्या फोनात डिजियात्रेची नोंदणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. त्या दाव्याला हा एक दुजोराच म्हणा ना! पण कंपनीने ठरविलेल्या मुदतीत जो नवा फोन घेऊ शकत नाही, त्याने कोणत्या दारातून जावे?

योजना ऐच्छिक आहे, हे त्यावरचे ठरलेले उत्तर. ऐच्छिक गोष्टींची सक्ती कशी होत जाते, हे आपण पाहिले आहे. खिडकीवर बोर्डिंग पास मागणाऱ्या प्रवाशाकडून आपल्याकडील काही विमान कंपन्या वेगळे पैसे घेऊ लागल्या होत्या. जुलै २०२२ मध्ये मंत्रालयाला त्यांना थांबवावे लागले. युरोपात रायनएअरने नोव्हेंबर २०२५ पासून कागदी पासच बंद केला. कायदा न बदलताही खिडकी अशी बंद होते: प्रथम तिच्यावरचा माणूस कमी होतो, मग रांग वाढते, आणि कंटाळलेला प्रवासी 'स्वेच्छेने' पलीकडे जातो.

प्रत्येक विमानतळावर कागद दाखवून आत जाणाऱ्यांसाठी किती दारे आहेत, तेथे किती माणसे नेमली आहेत आणि चेहऱ्यांच्या या व्यवस्थेला माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा लागू आहे की नाही, एवढे तीन प्रश्न आपल्या खासदारांनी येत्या अधिवेशनात लेखी उत्तरासाठी द्यावेत.