आधी आमचा हापसा मोजा

मा. संपादक,


अमेरिकेसारखं आपल्याकडेही नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालावं, म्हणजे पोरांचे दात किडणार नाहीत, असं एका वाचकाने आपल्या पानावर सुचवलं आहे. हेतू चांगला आहे आणि दाखलाही खोटा नाही. ग्रँड रॅपिड्स शहराने जानेवारी १९४५ मध्ये ही सुरुवात केली आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांत दातकीड निम्म्याहून कमी झाली. पण तिथे सगळं गाव एका टाकीचं, रोज मोजलेलं पाणी पितं.

आमच्या शिरूर अनंतपाळला या. हिवाळ्यात नळ, होळीनंतर बोअर, मे महिन्यात टँकर आणि लग्नकार्याला जार. एकाच घरात वर्षभरात चार ठिकाणचं पाणी पोटात जातं. डोस कोणत्या पाण्यात घालायचा? अमेरिकेतली शिफारस लिटरला ०.७ मिलिग्रॅमची आहे. आपलं भारतीय मानक १ मिलिग्रॅम धरतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतं. बेचाळीस अंशांच्या उन्हात शेतात राबणारा माणूस पाणी किती पितो, तेही हिशेबात धरायला हवं.

खरी गोष्ट उलटीच आहे. मराठवाड्यात कित्येक ठिकाणी जमिनीतच फ्लोराइड जास्त आहे. बोअर जितकं खोल, तितकं पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं, आणि आम्ही तर दर दुष्काळात आणखी खाली जातो. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या सुनेगाव सांगवीत असल्या पाण्याने माणसांचे पाय वाकले. तिथे आणखी फ्लोराइड कुणी सुचवेल का?

मी तीस वर्षं शिक्षक होतो. एका पोराच्या पुढच्या दातांवर तपकिरी आडव्या रेघा होत्या. मी त्याला वर्गासमोर विचारलं, "दात घासत नाहीस का रे?" तो तोंडावर हात ठेवून म्हणाला, "सर, घासूघासू हिरड्या सोलल्या, डाग जाईना गेलेत." दात हिरडीत तयार होत असतानाच फ्लोराइडने पडलेला तो डाग, ब्रशने निघणारा नव्हे. हे मला फार उशिरा कळलं. त्या पोराची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

गावाला पाण्याचं हिरवं, पिवळं, लाल कार्ड मिळतं. ते पाहतं गळती, घाण आणि टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. कावीळ-गॅस्ट्रोसाठी ते ठीकच आहे, पण टीसीएलने फ्लोराइड जात नाही. उकळल्यावर तर पाणी आटतं आणि उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून माझी मागणी साधी आहे: प्रत्येक हापशावर आणि सार्वजनिक बोअरवर रंगाने आकडा लिहा. फ्लोराइड इतकं, तपासणीची तारीख ही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायकांना तपासणीचं किट शिकवलं आहेच. आकडा दीडच्या वर गेला, तर ते पाणी धुण्याभांड्याला ठेवा आणि पिण्याला दुसरं द्या. दुसरं नसेलच, तर तुरटी-चुन्याने फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत आपल्याच नागपूरच्या 'नीरी' या संशोधन संस्थेने शोधली आहे. तिला रोज लक्ष द्यावं लागतं, हे मान्य.

आणि किडीचं काय? ती आहेच, नाकारत नाही. पण त्यासाठी फ्लोराइडची पेस्ट दुकानात मिळते. ती वापरून थुंकून टाकायची असते, पोटात जायची नसते. लहान पोराला तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. अंगणवाडीतून तेवढं शिकवता येईल. पाच रुपयांचा बिस्किटपुडा आणि बायकांच्या तळहातावरची मिश्री यांवर मात्र कुणी पत्र लिहीत नाही. दाढ ठणकली की पदर गालाला दाबून लातूरची एसटी धरायची. एक दिवसाची मजुरी गेली, वर भाडं. पाण्यात काही घालायला पैसा असेलच, तर तो दर आठवड्याला तालुक्यात बसणाऱ्या दाताच्या डॉक्टरवर खर्च करा. आमच्याकडे लोक पहिल्याच दिवशी रांग लावतील, कारण दुखणारी दाढ थांबत नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
शिरूर अनंतपाळ, जि. लातूर