ओट्यापुढचा गालिचा

हल्ली कुणाचा नवीन फ्लॅट बघायला गेलं की हॉल, बेडरूम, बाल्कनी असा दौरा होतो आणि शेवटी यजमान आपल्याला किचनच्या दारात उभं करून नुसते खाली बघतात. मग आपणही खाली बघायचं. ओट्यापुढे सहा फुटी रनर पसरलेला असतो. क्रीम रंग, त्यावर निळसर नक्षी, तीही मुद्दाम झिजवल्यासारखी. "रीलमध्ये बघितला होता, सेम टू सेम मिळाला!" यावर "वा, मस्त" म्हणायची पद्धत आहे. मला ते जमत नाही, म्हणून आज इथे लिहून टाकतोय.

आधीच सांगतो, किचनमध्ये रग घालायला माझा विरोध नाही. "आमच्या आजीच्या काळी नव्हती हो असली थेरं" म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसवू नका. आजी पाटावर बसून चूल सांभाळायची, उभ्याचा ओटा नंतर आला. आणि आजीच्याही मोरीपाशी दुमडलेलं गोणपाट असायचंच की! शिवाय खाली शहाबादी फरशी. खरखरीत, पाणी सांडलं तरी पाय धरून ठेवणारी. आता तिच्या जागी चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल आली. तिच्यावर फोडणीचं तेल उडालं आणि वर चार थेंब पाणी सांडलं की झाली घसरगुंडी. शिवाय असल्या कडक जमिनीवर तासभर उभं राहून पोळ्या लाटा, पोटऱ्या कशा भरून येतात ते कळेल. तेव्हा पायाखाली काहीतरी हवंच. भांडण आहे ते 'स्टायलिंग' या शब्दाशी.

ज्या फोटोंवरून हे सगळं उचललंय ती किचन्स बहुतेक अमेरिकेतली नाहीतर युरोपातली. लाकडी जमीन, भांडी डिशवॉशरमध्ये, रोज ओल्या फडक्याने फरशी पुसायचा प्रश्न नाही, आणि मोहरी तडतडल्यावर होणारी तेलाची पिचकारी तर नाहीच. तिथे तो रनर शोभत असेल. आपण मात्र दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणारा कोड न बघता आपल्याकडे कॉपी-पेस्ट केला आणि वर म्हणतोय, दिसतोय तर छान!

साधा प्रश्न आहे: युजर कोण? रगवर उभं कोण राहणार, आणि रग धुणार कोण? ऑफिसमध्ये युजरला न विचारता स्क्रीन बनवली तर आपण मीटिंगमध्ये केवढा दंगा करतो. घरात मात्र सोफ्यावर बसून, मोबाईलवर, भिंतीच्या रंगाला मॅच होईल असा रग ऑर्डर करणारा माणूस आणि ओट्याशी रोज दोन तास उभं राहणारं माणूस बऱ्याचदा वेगवेगळं असतं. (कोण कुठलं, हे मी सांगायला नको.)

मालाचंही तेच. स्वस्त मशीनमेड रनरच्या लेबलवर बहुधा पॉलीप्रॉपिलीन लिहिलेलं असतं. पाणी पीत नाही, रंग जात नाही, हे खरं. पण हे प्लास्टिक साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं आणि पुऱ्या तळायचं तेल असतं १८० च्या आसपास. खाली पडेपर्यंत थेंब जरा निवतो, मान्य. पण गरम झारा हातातून सुटला की रगवर कायमचा शिक्का! शिवाय पाणी न पिणारा हा धागा तेलाला मात्र घट्ट धरून बसतो. ज्यूटचं उलटं. दिसतो सुंदर, पण सिंकपुढे रोज ओला झाला की आधी तपकिरी डाग, मग कुबट वास. लोकरीचा, हाताने गाठी मारलेला भदोहीचा गालिचा ही तर बैठकीत मानाने ठेवायची चीज. तिच्यावर आमटी सांडू द्यायची म्हणजे कारागिराचा अपमान आहे.

सूत मात्र वितळत नाही. त्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लालभडक होतो आणि माणूस घाबरतो. घाबरू नका, धुऊन कडक उन्हात टाका, हळूहळू उडतो. पण रग जाडजूड असेल तर पुण्या-मुंबईच्या जुलै-ऑगस्टात, ग्रिल लावलेल्या बाल्कनीत, तो वाळणार कधी? म्हणून पातळच घ्यायचा. आणि तळाला रबर चिकटवलेला नको. गरम पाण्याच्या दोन-चार धुण्यांत ते रबर तडकतं आणि त्याचे कण मशीनच्या फिल्टरमध्ये सापडतात. मशीनवर लिहिलेले सात किलो हे कोरड्या कपड्यांचे असतात, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आता त्या मावशींचं बघा, ज्या तुमच्याकडे झाडू-फरशी करतात. सहा घरं, प्रत्येक घराला तास-पाऊण तास. तुम्ही रग टाकलात म्हणजे त्यांनी रोज तो उचलायचा, झटकायचा, फरशी पुसून वाळेपर्यंत थांबायचं, परत अंथरायचा. पगार तेवढाच. (बाल्कनीतून झटकला तर खालच्या मजल्यावरच्या काकू आहेतच.) मग त्या कडेकडेने पुसतात आणि रगखाली पीठ, पाणी, झुरळांची पिल्लं असा संसार सुरू होतो. "मावशी नीट पुसत नाहीत हो" अशी तक्रार करण्याआधी आपण त्यांच्या कामात किती भर घातली ते मोजा आणि पैसे वाढवा. नाहीतर रविवारी स्वतः उचला.

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे वळलेले कोपरे. आमच्या सोसायटीतल्या एका आजी सकाळी चहा ठेवायला उठल्या, नव्या रगच्या कोपऱ्यात पाय अडकला, मनगट मोडलं. मनगटावर भागलं म्हणून सगळे नशीब म्हणाले. त्या वयात खुबा मोडला असता तर? घरात सत्तरीचं माणूस असताना गुळगुळीत टाइलवर सुटा रनर टाकणं याला मी सजावट म्हणत नाही, निष्काळजीपणा म्हणतो. खाली घालायची रबरी जाळी मीटरवर कापून मिळते, रगपेक्षा दोन बोटं आत ठेवून ती घालता येते. पण जाळीचा फोटो येत नाही ना!

मग घ्यायचं काय? साधी सुती सतरंजी. लव नाही, दोन्ही बाजूंनी वापरता येते, घडी होते. एक नको, दोन घ्या. एक धुण्यात, एक पायाखाली. लांबी मोजताना रिकामी जमीन मोजू नका. आधी सगळ्या ट्रॉल्या, फ्रीजचं दार आणि सिलिंडरचं कपाट उघडा आणि मग उरेल तेवढीच जागा धरा. भरलेला सिलिंडर तीसेक किलोचा असतो, तो रगवरून फिरवून बघा एकदा. आणि घरात कुणाच्या टाचा खरंच दुखत असतील, तर दिसण्याचा विचार सोडून अर्धा-पाऊण इंच जाडीची, उतरत्या कडांची फोमची मॅट घ्या. कारखान्यात दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांच्या पायाखाली घालतात तसली. काळी, कुरूप, फडक्याने पुसता येणारी. क्रीम रनरपेक्षा ती शंभर पटीने चांगली दिसते, असं मी म्हणणार नाही. पण उभं राहणाऱ्याला विचारा.

खर्चच करायचा नसेल तर माळ्यावर जुनी सोलापुरी चादर पडलेली असेलच. मधोमध कापून कडा शिवून घ्या, दोन पट्ट्या होतात, खाली जाळी टाका. मोरांची अर्धी-अर्धी नक्षी येते, ती चालवून घ्यायची.